डाव्या बाजूचं चाक

योगराजने पाठवलेला व्हिडिओ आचलने पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती खूश झाली. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा काहीतरी खुपलं. तिसऱ्यांदा तिने तो पाहिलाच नाही. डोळे मिटून मोबाइल कानाशी धरला आणि नुसता ऐकला.

आमगावच्या पलीकडच्या एका गावात बकाराम पटले यांची नवी राइस मिल आज सुरू होत होती, आणि तिथला एलिव्हेटर आचलने डिझाइन केलेला होता. एलिव्हेटर म्हणजे दुमजली घराहून उंच, उभा पत्र्याचा खोका. आत एक रुंद पट्टा आणि पट्ट्यावर ओळीने लोखंडी डबे. डबे तळातून धान भरून घेतात, वर नेतात आणि पलीकडे ओततात. कारखान्याचा फिटर योगराज वरच्या माचीवर उभा राहून शूटिंग करत होता. मोटर घुमत होती, पट्टा फिरत होता, खालून बेंजोचे सूर येत होते. "पाहा मॅडम, कसा मक्खन चालून राहिला तुमचा एलिव्हेटर! आता पूजा, मंग जेवन," असं म्हणून त्याने कॅमेरा स्वतःच्या दातांकडे वळवला होता.

सगळं होतं. फक्त टकटक नव्हती.

टकटक असायलाच हवी होती. पट्टा फिरवणाऱ्या वरच्या शाफ्टच्या टोकाला, पत्र्याच्या झाकणाआड, एक दातेरी चाक असतं आणि त्यावर टेकलेली एक लोखंडी जीभ. पट्टा सुलटा फिरतो तेव्हा जीभ एकेका दातावरून घसरत टकटक वाजत राहते. लाइन, म्हणजे वीज, गेली की भरलेले डबे आपल्याच वजनाने पट्ट्याला उलटं ओढू लागतात. त्याच क्षणी जीभ दातात रुतते आणि पट्टा जागच्या जागी थांबतो. जीभ नसेल तर सगळी उंचीभर चढलेलं धान उलटं धावत खाली येतं. आणि गोंदिया जिल्ह्यात लाइन जाणारच नाही असं धरून कोणी मशीन बनवत नाही.

आचलने कॉम्प्युटरवर पटलेंचं मॉडेल उघडलं.

या मॉडेलचा तिला अभिमान होता. एमआयडीसीतल्या या कारखान्यात ती लागली तेव्हा प्रत्येक ऑर्डरला एलिव्हेटर नव्याने काढला जाई. जुनी फाइल घ्यायची, आकडे खोडायचे, आणि दर वेळी कुठला तरी एक आकडा खोडायचा राहायचा. आचलने मग एकच मूळ मॉडेल बनवलं. उंची सांगा, ताशी किती धान चढवायचं ते सांगा, मोटर उजवीकडे की डावीकडे ते सांगा. पट्टा लांबतो, डबे वाढतात, शाफ्ट जाड होतो, बोल्टसुद्धा आपापली मापं बदलून घेतात. प्रत्येक भागामागे एक तक्ता. तक्त्यातली ओळ निवडली की भाग तयार. ते इतकं सोपं झालं की मालक श्यामलाल शेठ स्वतःच खुर्चीत बसून पर्याय निवडू लागले, ड्रॉइंगचे प्रिंट काढू लागले, आणि आल्यागेल्याला सांगू लागले, "हमारी बच्ची ने मशीन को दर्ज़ी बना दिया है. नाप दो, सिला हुआ ले जाओ."

पटलेंच्या मिलमध्ये उजवीकडे भिंत होती, म्हणून मोटर डावीकडे घेतली होती. 'डावी' निवडलं की मोटर डावीकडे जाते आणि दातेरी चाक शाफ्टच्या उजव्या टोकाला. तिथे चाकाची जाड बाजू बाहेर यायला हवी, म्हणून आचलने मॉडेलला शिकवलं होतं: चाक उचल, पाठमोरं फिरव, बसव. पडद्यावर ते अगदी नेटकं बसायचं. कुठे काही घासत नव्हतं, आणि सॉफ्टवेअरची तपासणी प्रत्येक वेळी हिरवी खूण द्यायची.

तिने झाकण लपवलं, चाक जवळ आणलं, आणि शाफ्ट कुठल्या दिशेने फिरतो ते पडद्यावर बोटाने गिरवलं.

दात उलटे होते.

काचेचं घड्याळ मागून पाहावं, तसं. चाक पाठमोरं केलं की त्याचे दातही दुसरीकडे झुकतात; शाफ्ट मात्र पूर्वीच्याच दिशेने फिरत राहतो. उजव्या बाजूचे एलिव्हेटर नीट चालले होते, म्हणून डाव्या बाजूचा तिने मनातल्या मनातसुद्धा कधी फिरवून पाहिला नव्हता. पडद्यावर तर काहीच फिरत नसतं.

मग पुढचा विचार आला. दात असे असतील तर जीभ सुलट्या दिशेलाच रुतेल. मोटर लावली तरी पट्टा हलायचाच नाही. पण व्हिडिओत तो छान फिरत होता. याचा अर्थ एकच होता. योगराजने जीभ उचलून कशाने तरी बांधून टाकली होती.

तिने फोन लावला. पलीकडून बेंजो, ताशा आणि बायकांचा गलका एकदम अंगावर आला.

"योगराजभाऊ, धान बंद करा! ऐकताय का?"

"हॅलो? मॅडम? काई ऐकू नाई येऊन राहिलं! या ना तुमी बी जेवाले!"

फोन बंद झाला. पुन्हा लावला तर नुसताच वाजत राहिला. तिने मेसेज टाकला; तो कोणी पाहिला नाही. बकारामजींचा नंबर श्यामलाल शेठकडे होता, म्हणून ती धावत त्यांच्या केबिनमध्ये गेली. शेठ जेवणाचा डबा उघडत होते.

"शेठ, पटलेंच्या एलिव्हेटरचा रिव्हर्स लॉक चुकलाय."

"चल तो रही है मशीन. देखा मैंने वीडियो."

"चालतेय म्हणूनच म्हणते. ती चालायलाच नको होती." तिने दोन वाक्यांत चाक, दात, जीभ सांगितलं. शेठना दात कळले की नाही कोण जाणे, पण तिचा चेहरा कळला.

"तो किसी को फोन कर, मेन स्विच गिरा दे. ख़तम बात."

"नको!" ती इतक्या जोरात ओरडली की बाहेरचा वेल्डर वाकून पाहू लागला. "स्विच पाडला काय नि लाइन गेली काय, एकच. आत्ता डबे भरलेले आहेत. मोटर थांबली रे थांबली की पट्टा उलटा पळणार. आधी वरून येणारं धान थांबवायचं. डबे रिकामे होऊ द्यायचे. मोटर सगळ्यात शेवटी."

शेठचा हात डब्याच्या झाकणावर थांबला.

"आज तो बकाराम की माँ नीचे बैठेगी," ते हळूच म्हणाले.

"खाली कुठे?"

"मशीन के तले के खड्डे में. पटले के घर का पुराना रिवाज है. पाँव से धान कूटने की ढेकी के ज़माने से. पहला धान घर की बड़ी औरत खिलाती है, अपने हाथ से. चलती ढेकी में खिलाते थे, अब चलती मशीन में." त्यांनी डबा तसाच सारला आणि गाडीची चावी उचलली. "चल."

गाडी आमगाव रोडला लागली. आचल आळीपाळीने योगराजचा आणि शेठनी दिलेला बकारामजींचा नंबर लावत होती. एक वाजत राहायचा, दुसरा 'संपर्क क्षेत्राबाहेर' सांगायचा. एलिव्हेटरच्या तळाला गुडघ्याच्या उंचीवर एक लहानसं दार असतं, साफसफाईसाठी. तेही तिनेच काढलं होतं. हात सहज आत जावा म्हणून ते तिने मुद्दाम मोठं केलं होतं.

"शेठ, डावा आणखी कुठे गेला?"

"क्या?"

"डाव्या मोटरचा. मी फक्त हाच काढला. तुम्ही कधी काढला होता?"

"पहले ये तो देख," शेठ म्हणाले आणि समोरच्या ट्रॅक्टरवर विनाकारण हॉर्न वाजवला.

कामठ्याचा फाटा आला. तिथे गाडीचा वेग जरा उतरला, शेठनी एकदा डावीकडे पाहिलं, आणि मग गाडी पुन्हा जोरात निघाली. कामठा आचलचं गाव. तिथल्या मिलमध्ये तिचे काका दुधराम मशीनवर असतात. तिच्याच शब्दावर त्या मिलवाल्याने यंदा श्यामलाल शेठकडून एलिव्हेटर घेतला होता. दिवाळीत तो बसला तेव्हा ती सुटीवर होती. तो उजवाच असणार, तिने स्वतःला सांगितलं. सगळे उजवेच असतात.

मिलसमोर मांडव पडला होता. गाडी थांबायच्या आत आचल उतरून पळाली. पंगत बसत होती, बुंदीचा वास सुटला होता, आणि त्या सगळ्यावर एलिव्हेटरची घरघर चालली होती. भरल्या डब्यांची घरघर जड असते. वरच्या हौदातून धान सरसर खाली खड्ड्याकडे उतरत होतं.

क्रीम कुर्त्यातले बकाराम पटले स्टार्टरजवळच उभे होते. त्यांच्या मागे, लोखंडी शिडीने उतरायच्या अरुंद खड्ड्यात, त्यांची आई शामकलाबाई पाटावर बसली होती. शेजारी दिवा आणि कुंकवाचं ताट, मांडीवर सूप. ती मूठ भरून त्या लहान दारातून आत सोडत होती आणि पुटपुटत होती. डबे तिच्या बांगड्यांपासून वीतभर अंतरावरून सुसाट वर जात होते.

"योगराजभाऊ! धान थांबवा!"

तिचा आवाज ऐकून पहिले हलले ते बकाराम. कोणाचंही पोर घाबरून ओरडलं तर मिलवाला जे करेल तेच त्यांनी केलं. हात सरळ लाल बटणाकडे गेला.

"हात काढा! बंद नका करू!"

बेंजोवाल्याने बेंजो थांबवला. बकाराम बोट हवेतच ठेवून तिच्याकडे पाहू लागले. "अवो, थांबवा बी म्हनता अन् बंद नका करू बी म्हनता! एक काईतरी बोला ना, बाई."

"धान थांबवा. मशीन चालू राहू द्या. बटणाला कोणी हात लावायचा नाही. आईंना आधी वर घ्या."

योगराज पंगतीत वाढत होता. आचलच्या मागे शेठ उभे दिसताच त्याच्या हातातलं बुंदीचं भांडं खाली आलं. त्याला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. तो हौदाकडे धावला आणि दोन्ही हातांनी झडप लोटू लागला.

आचल शिडी उतरली. आत दोघींना धड उभं राहायलाही जागा नव्हती.

"आजी, वर चला. फोटो काढायचा आहे सगळ्यांचा."

"फोटो इथंच काढ." शामकलाबाईने मान वर केली नाही. "अर्धं सूप टाकून उठत नाई कोनी. तुह्या मायनं शिकवलं नाई का?"

"दोन मिनिटं फक्त, आजी."

"कोन होय तू?"

आचलच्या तोंडात दुसरं खोटं तयार होतं. ते तिने गिळलं. "मी हे मशीन काढलं, आजी. माझ्याकडून चूक झाली. आत्ता लाइन गेली तर हे उलटं फिरेल आणि तुमचा हात आत ओढून घेईल."

म्हातारीने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. मग दाराकडे. मग तिने सूप उचललं, उरलेलं सगळं धान एका झटक्यात दारातून आत ओतलं, आणि रिकामं सूप कडेला झटकलं.

"मंग असं सांग ना. फोटो कायले सांगतेस?" ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "धर मले. पाय गेले बसून बसून."

शिडीच्या चारच पायऱ्या, पण शामकलाबाईचे गुडघे एकेका पायरीवर अडत होते. वरून बकारामांनी हात दिला, खालून आचलने आधार दिला. म्हातारीचं नऊवारी लुगडं एका खिळ्यात अडकलं तेव्हा आचलने ते फाटेल की राहील हे न पाहता ओढलं. टर्रकन आवाज झाला. "नवं होतं," शामकलाबाई म्हणाली, आणि वर पोचली. मागोमाग आचल.

हौदाची झडप बसली होती. तरी खड्ड्यात साचलेलं धान डबे अजून उचलत होते. आचल कान देऊन उभी राहिली. घरघर जड होती. मग जरा कमी जड. रिकाम्या डब्यांचा आवाज वेगळा असतो, पत्र्याच्या डब्यात चमचे हलवल्यासारखा. तो यायला हवा होता. मांडवातली माणसं जागच्या जागी थांबली होती. काय होतंय ते कोणाला कळलं नव्हतं, पण मिलवाल्याची आई खड्ड्यातून अर्धी पूजा सोडून वर आली हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

"आजून किती?" बकारामांनी विचारलं.

"थोडंच. बटणापासून लांब राहा."

आणि लाइन गेली.

आधी मांडवातले पंखे मंदावले. मोटरचा आवाज लांबत लांबत खाली आला. पट्टा थांबला, एक श्वास घ्यावा इतकाच. मग आतून गडगडाट सुरू झाला. उभा खोका नखशिखांत थरथरू लागला, माचीवरून एक पाना घसरून खाली पडला, आणि तळाच्या त्या लहान दारातून धानाचा झोत सुटला. पाट उलटून भिंतीवर आपटला. ताट घरंगळत गेलं. दिव्यावर धानाचा ढीग पडला आणि तो विझताना कोणाला दिसलाही नाही.

मग सगळं थांबलं. खड्ड्यात धान सळसळत बसत राहिलं.

शामकलाबाई वाकून त्या ढिगाकडे पाहत होती. तिने आपले दोन्ही हात समोर धरले, उलटे करून पाहिले, सुलटे करून पाहिले.

"तिथं बसली होती मी," ती म्हणाली. एवढंच.

बकारामांनी योगराजची कॉलर धरली. "तू तं म्हनला, सब सेट आहे!"

"जीभ अडकून राहिली होती, बापा. मोटर लावली का शाफ्ट जाम. पंडितजी म्हनत होते मुहूर्त चालला. म्हनून वायरनं बांधली जीभ. उद्या येऊन सोडनार होतो."

"मला एक फोन का नाही केलात, योगराजभाऊ?" आचलने विचारलं.

"काय करू फोन करून?" योगराज एकदम चिडला, डोळ्यांत पाणी आणि आवाजात राग. "तुमीच तं सांगतलं होतं, आता ड्रॉइंग चुकनार नाई, मॉडेल एकदा तपासलेलं आहे म्हनून. मले वाटलं माहीच फिटिंग चुकून राहिली. दुसऱ्यांदा चुकली म्हनून कोनाले सांगू? कामठ्याले बी असंच अडकलं होतं. तिथं बी वायर बांधली."

आचलने शेठकडे पाहिलं. शेठ खाली पडलेल्या पान्याकडे पाहत होते.

"वो मैंने निकाला था," ते म्हणाले. "उनकी मोटर बाएँ बैठती थी, तो मैंने लेफ्ट चुन लिया. तू छुट्टी पे थी. फाटे पे याद आया... पर यहाँ बुढ़िया बैठी थी, बेटा."

मॉडेलमधलं चाक ती संध्याकाळपर्यंत दुरुस्त करू शकली असती; एक ओळ बदलली की यापुढचे सगळे डावे एलिव्हेटर बरोबर निघाले असते. कामठ्याच्या शाफ्टवर घट्ट बसलेलं लोखंड मात्र आपोआप बदलत नाही. तिने काकांना फोन लावला. इथली लाइन गेली होती, तिथली असू शकते. नसावी, मशीन बंदच असावं, असं तिला वाटून गेलं, आणि लगेच उलटं वाटलं: असू दे, आत्ता जायला नको.

"हां, बोल बेटा," दुधराम काका पहिल्याच रिंगला बोलले. मागे एलिव्हेटर चालू होता. जड, भरलेली घरघर. आचलने डोळे मिटून ऐकलं. टकटक नव्हती.

"काका, एलिव्हेटरच्या खाली कोणी आहे का?"

"चंदा झाडून राहिली खड्ड्यात. काऊन?"

"तिला वर बोलाव. आत्ताच्या आत्ता. मशीन बंद करू नको."

"अवो, ते उलटं पळते, तेच ना?" काका हसले. "मालूम आहे आमाले. लाइन गेली का पळते. दोनदा पळालं. आमी सरकतो ना बाजूले. सवय झाली."

"काका, खड्ड्यातून कुठे सरकणार ती?"

पलीकडे फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज, आणि लांब जाणारी हाक, "चंदा! ओ चंदा! झाडू ठेव, वर ये! ये म्हनतो ना!"

आचल फोन कानाला दाबून उभी होती. शामकलाबाईने तिच्या दुसऱ्या हाताचं मनगट धरलं होतं, कधीपासून ते तिला कळलं नव्हतं. घरघर चालू होती. चालू राहा, ती मनात म्हणत होती, चालू राहा.

"काय झालं, भाऊ?" फोनच्या अगदी जवळ एका बाईचा धापा टाकणारा आवाज आला. "काऊन ओरडून राहिले?"

"आली," काका फोनवर म्हणाले. त्यांच्या आवाजातलं हसू गेलं होतं. "वर आली ते. आता सांग, काय करू?"

"आता हौदाची झडप लाव," आचल म्हणाली. "आणि फोन ठेवू नको. डबे रिकामे वाजायला लागले की मला ऐकव."